आमचा बाजी

मी आणि बाजी एकाच वर्षी या घरात आलो. मी २०१४च्या मे महिन्यात माप ओलांडून आले आणि तो त्यानंतर तीन महिन्यांनी मामंजींच्या कांबळ्यात गुंडाळून. माझ्या येण्याच्या पत्रिका छापल्या होत्या, वाजंत्री होती. त्याच्याबद्दल मात्र मामंजींनी घरात कुणालाही अवाक्षर सांगितलं नव्हतं. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. कांबळ्यातून एक लांबुडकं नाक बाहेर आलं, मग दोन काळेभोर डोळे.

"अगंबाई, हे काय आणलंत?"

"कारवानी आहे. मुधोळहून आणलाय."

"केवढ्याला?"

मामंजींनी तो आकडा सांगितला नाही. आजतागायत आम्हाला तो कळलेला नाही. सासूबाईंनी पुन्हा सुपात मान घातली आणि एवढंच म्हणाल्या, "घरात एकीला आणलं ते पुरे नव्हतं वाटतं." हे माझ्यासमोर! नवी नवरी होते, हसावं की रडावं कळेना. पण त्या रात्री पिल्लू कुंईकुंई करायला लागलं, तेव्हा उठून त्याच्याजवळ बसलेली मीच होते. मलाही झोप येत नव्हती, त्यालाही येत नव्हती. दोघांनाही आपापलं घर आठवत होतं.

नाव काय ठेवायचं यावर चार दिवस खल झाला. ह्यांनी 'राजा' सुचवलं. मामंजी म्हणाले, "औंधात राजा एकच." त्यांच्या लेखी ते अजून बाळासाहेब पंतप्रतिनिधीच आहेत. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, १९३९ साली आपला राज्यकारभार आपण होऊन रयतेच्या हाती देणारे, डोंगरावर १९३८ साली चित्रांचं संग्रहालय बांधणारे. अशा माणसाच्या गावात कुत्र्याला राजा म्हणायचं म्हणजे काहीतरीच. शेवटी बाजी ठरलं. कागदोपत्री त्याचं नाव चांगलं चार शब्दांचं, इंग्रजी होतं. ते आमच्या घरात मामंजींशिवाय कुणालाच धड म्हणता आलं नाही.

बाजी वाढला तसा उंच झाला. खांद्यापाशी २८ इंच भरायचा. रंग बदामी, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, शेपूट खाली जाऊन टोकाला किंचित वळलेली. आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा! या जातीचं रूपच तसं असतं, पण ते आमच्या आळीला कोण सांगणार? येणारी-जाणारी प्रत्येक बाई दारात थांबून म्हणायची, "काय गं, खायला घालत नाही का त्याला?" घरातला कुत्रा वाळका दिसला तर दोष सुनेचा, हे मला त्याच वर्षी कळलं. सकाळी दोन भाकरी ताकात कुस्करून, संध्याकाळी पाव किलो खिमा आणि भात, वर एक उकडलेलं अंडं, असा त्याचा खुराक होता. गुरुवारी अंडं नाही, कारण सासूबाईंचा उपास. तो बिचारा दर गुरुवारी रिकाम्या ताटलीकडे आणि मग माझ्याकडे पाहायचा. मी पदराआडून काय द्यायची ते सांगत नाही.

या जातीबद्दल मला आधी काही म्हणजे काही माहिती नव्हतं. ऐकून-वाचून जे समजलं ते असं. मध्य आशियातून व्यापाऱ्यांचे काफिले दक्षिणेत उतरले, त्यांच्याबरोबर ही कुत्री आली, म्हणून कारवानी, असं मानतात. आखूड केसांचा तो कारवानी आणि कानाशेपटीला रेशमी झालर असते तो पश्मी. ही कुत्री वासावर नाही, नजरेवर शिकार करतात. लांबवर काही हाललं की बाणासारखी सुटतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जिवापाड सांभाळली आणि तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांना नजर केली, म्हणून साहेबलोकांत 'मुधोळ हाउंड' हे नाव पडलं असं सांगतात. नावाचा घोळ अजून मिटलेला नाही. चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याला 'कॅरॅव्हन हाउंड' म्हणून नोंदवते आणि दुसरी एक राष्ट्रीय संस्था 'मुधोळ हाउंड' म्हणून. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. मामंजींनी ते तिकीट चौकटीत बसवून देवघराशेजारच्या भिंतीवर लावलंय. लांबून पाहणाऱ्याला तो कुठला तरी देव वाटतो!

मामंजींना हा नाद त्यांच्या वडलांकडून आला. आमच्या आजेसासऱ्यांकडे दोन कारवानी होती आणि पावसाळा सरला की ते माळावर सशाच्या मागे जायचे. मामंजी लहानपणी त्यांच्या मागून अनवाणी पळायचे. पुढे १९७२चा वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आला आणि शिकार हळूहळू बंदच झाली. हे चांगलंच झालं. पण ज्या कामासाठी शेकडो वर्षं ही कुत्री पैदा केली ते कामच राहिलं नाही. माणदेशातल्या धनगरांकडे मेंढरांमागे ती राहिली, बाकी ठिकाणी कमी होत गेली. मामंजी नोकरीत असताना बदल्यांमुळे त्यांना कुत्रं पाळता आलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठल्याशा मासिकात डॉग शोचे फोटो पाहिले आणि त्यांच्या मनानं घेतलं की आपला कारवानी तिथे उभा राहिला पाहिजे, लॅब्रडॉर आणि अल्सेशियनच्या रांगेत.

हे शो म्हणजे काय असतं, ते थोडं सांगते, कारण मलाही वाटायचं की तिथे कुत्री उड्याबिड्या मारून दाखवत असतील. तसं काही नसतं. दोऱ्या बांधून एक रिंगण केलेलं असतं. आधी वयाप्रमाणे गट पडतात. पिल्लं, त्याहून थोडी मोठी, मग सगळ्यांना खुला असलेला गट. 'भारतात जन्मलेली' असाही एक गट असतो. मामंजींना त्याची फार मौज वाटायची, "आमचा बाजी काय लंडनात जन्मायचा होता?" कुत्र्यानं चार पाय ठरावीक अंतरावर रोवून पुतळ्यासारखं उभं राहायचं. परीक्षक त्याचा ओठ उचलून दात बघतात, मान, खांदे, पाठ, मांड्या हातानं चाचपतात. मग सरळ रेषेत पळवून, त्रिकोणात पळवून त्याची चाल पाहतात. प्रत्येक जातीचं लिहून ठेवलेलं एक आदर्श रूप असतं, त्याच्याशी ताडून नंबर देतात. जातीतल्या सर्वांत चांगल्या नराला आणि मादीला एक प्रमाणपत्र मिळतं. वेगवेगळ्या परीक्षकांकडून अशी ठरावीक प्रमाणपत्रं जमली की कुत्र्याच्या नावामागे 'चॅम्पियन' ही पदवी कायमची लागते.

म्हणजे पळण्यासाठी जन्मलेल्या कुत्र्यानं नंबर मिळवायचा तो निश्चल उभं राहून. आणि ते त्याला शिकवायचं कुणी? मामंजींचे गुडघे दुखायचे, हे सकाळी सातला कामावर जायचे. मी तासिका तत्त्वावर शाळेत शिकवायची, तीही दुपारच्या सत्रात. झालं! रोज पहाटे बाजीला घेऊन मूळपीठाच्या डोंगराच्या पायऱ्या चढायच्या, यमाईला बाहेरूनच हात जोडायचे आणि उतरायचं. त्यानं मांड्या भरतात असं मामंजींचं म्हणणं. घरी येऊन परड्यात त्याला दहा मिनिटं उभं करायचं, "थांब... थांब" म्हणत. रबरी हातमोज्यानं अंग चोळायचं, नखं घासायची, दात पुसायचे. झोपेतून उठला की तो पुढचे पाय लांब करून, कंबर वर उचलून असा काही आळस द्यायचा, की सासूबाई म्हणायच्या, "औंधचाच आहे बरं का, सूर्यनमस्कार घालतोय."

मामंजींची एक वही होती. बाजीचं वजन, खाणं, टोचण्या, जंतांचं औषध, सगळं तारीखवार ते स्वतः लिहायचे. ती वही दुसऱ्या कुणी हातात घेतलेली त्यांना खपायची नाही.

पहिल्या वर्षी कोल्हापूर झालं, मग बेळगाव, मग पुणे. मी घरीच असायची. परत यायची ती जीप आणि जीपमध्ये कप. रिंगणात कुत्र्याबरोबर पळणाऱ्यानं कोट-टाय घालायचा असतो, म्हणून ह्यांचा लग्नातला सूट बाहेर निघाला आणि बाजीच्या केसांनी भरून परत येऊ लागला. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात माझा माहेरचा काचेचा सेट होता, तो माळ्यावर गेला आणि तिथे कप मांडले गेले. गावातले लोक कप बघायला यायचे, मामंजी एकेकाची कथा सांगायचे, मी चहा करायची. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटायचा. पण कुणी विचारलं, "ह्याची मेहनत कोण घेतं?" की मामंजी म्हणायचे, "आम्ही घरचेच."

आता माझी एक चूक सांगते. २०१७च्या पावसाळ्यानंतर एका पहाटे डोंगरावरून उतरताना मी देवळाच्या वाटेनं न येता माळावरून आले. बाजी तीन वर्षांचा झाला होता आणि आयुष्यात एकदाही साखळीशिवाय पळाला नव्हता. पायाला इजा होईल, नख तुटेल, म्हणून मामंजींची सक्त ताकीद होती. माळावर माणूस नव्हतं. गवत पिवळं पडायला लागलं होतं. मी साखळी काढली.

त्याला आधी कळलंच नाही. सवयीनं माझ्याशेजारी पाय रोवून पुतळ्यासारखा उभा राहिला! मी म्हटलं, "जा." त्यानं मान वर केली, लांब कुठेतरी काहीतरी हाललं असेल, आणि तो गेला. मैत्रिणींनो, मी काय पाहिलं ते नीट सांगता येणार नाही. पाठीची कमान व्हायची आणि सुटायची, चारही पाय एकदम जमिनीपासून सुटलेले असायचे, आणि आवाज म्हणून नाही. माळाच्या त्या टोकाला एक ठिपका झाला, वळला, आणि मी घाबरून हाक मारेपर्यंत पुन्हा माझ्यासमोर उभा. जीभ बाहेर, डोळे असे की जणू मीच त्याला काही बक्षीस दिलंय.

उजव्या पुढच्या पायाचं नख मुळापासून फाटलं होतं.

दहा दिवसांवर असलेला शो बुडाला. भरलेले पैसे गेले. मामंजी मला रागावले नाहीत. त्यांनी नुसतं ह्यांना सांगितलं, "उद्यापासून त्याला कुणी डोंगरावर नेऊ नका." कुणी म्हणजे कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभर मी बाजीला फक्त खायला घालत होते.

त्याच डिसेंबरात पुण्याचा शो आला. पदवीला एकच प्रमाणपत्र कमी होतं. मामंजींनी गाडी ठरवली, घरातल्या सगळ्यांनी यायचं ठरलं, मीसुद्धा. निघायच्या दोन दिवस आधी बाजीनं भाकरी अर्धी टाकली. दुसऱ्या दिवशी अंडं नुसतं हुंगलं. त्या रात्री मी दात पुसायला त्याचा ओठ उचलला आणि थबकले. रोज पाहिलेल्या हिरड्या त्या. जांभळासारख्या गुलाबी असायच्या, त्या पांढुरक्या दिसत होत्या. कानामागे चाचपलं, बोटांच्या बेचक्यांतून पाहिलं, तर दोन गोचीड निघाले.

मी खोलीत जाऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "प्रवासाची चाहूल लागली असेल त्याला. आणि आता हे बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटेल तुला जाऊच द्यायचं नाहीये." सासूबाईंपाशी विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "नखाचं झालं तेवढं पुरे, बाई." मी गप्प बसले. मामंजी ओसरीवरच होते, सूट ठेवायच्या पिशवीची चेन दुरुस्त करत होते. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेले. एकदा पाणी नेऊन दिलं. बोलले नाही.

पुण्याचं मैदान म्हणजे जत्राच होती. तंबू, पंखे, केस वाळवायची यंत्रं, पावडरी, कंगवे! एका बाईच्या कुत्र्याचा शृंगार माझ्या लग्नातल्या शृंगारापेक्षा जास्त वेळ चालला होता. आमचा सगळा सरंजाम म्हणजे एक ओला पंचा आणि पाण्याची बाटली, ती माझ्या मांडीवर. रांगेत कारवानी मोजून चार. त्यांच्यात बाजी उभा राहिला आणि खरं सांगते, आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. मान ताठ, नजर लांब. जसं परड्यात "थांब... थांब" म्हणत शिकवलं होतं, तसा. हे कोटात घामाघूम झाले होते, पण तो हलला नाही. परीक्षकांनी ओठ उचलला, दात पाहिले, ओठ सोडला. दात चांगलेच होते. हिरड्यांच्या रंगाला काही त्यांच्याकडे गुण नव्हते. मग चाल. सरळ गेला, परत आला, त्रिकोण केला. शेवटच्या वळणावर त्याचा मागचा पाय किंचित घसरला. मला दिसला. आणखी कुणाला दिसला असेल असं वाटत नाही.

परीक्षकांनी बोट दाखवलं ते बाजीकडे. मामंजी खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले. डोळ्यांना पाणी आलं होतं त्यांच्या. आपल्या वडलांचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटले. त्या क्षणाचा फोटो आमच्या घरी मोठा करून लावलेला आहे. मामंजी, हे, मध्ये बाजी, पायाशी करंडक. फोटोत त्याचं तोंड उघडं आहे, जीभ दिसते. लोकांना वाटतं हसतोय. त्या फोटोत जिभेचा रंग काय आहे ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत नाही.

परतीच्या वाटेवर तो गाडीत उभा राहीना. शिरवळच्या अलीकडे त्याच्या नाकातून रक्त आलं, माझ्या साडीवर. शिरवळला जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज आहे म्हणून गाडी तिकडे वळवली. तरुण डॉक्टर होते. त्यांनी हिरडीवर बोट दाबलं आणि सोडलं. तुमच्या घरी कुत्रं असेल तर हे लक्षात ठेवा. दाबल्यावर हिरडी पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. बाजीची मुळातच पांढरी होती. गोचिडाचा ताप, डॉक्टर म्हणाले. गोचीड चावला की त्याच्यातून बारीक जंतू रक्तात जातात आणि रक्तपेशी खातात. या ऋतूत तो असा नाही आणि त्या ऋतूत नाही असं काही नाही, म्हणून कानाच्या मागे, बोटांच्या मध्ये रोज पाहावं. निघाला तर रॉकेल वगैरे न ओतता चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढून काढावा. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

सलाईन लावताना डॉक्टर म्हणाले, "तीन-चार दिवस तरी झाले असतील याला. खाणं कमी झालं असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

हे जमिनीकडे बघत राहिले. मी म्हणाले, "माझ्या आलं होतं."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. रात्री दहाला आम्ही तिथून निघालो. खंबाटकीचा घाट गेला, सातारा गेला, रहिमतपूर आलं. बाजी माझ्या मांडीवर डोकं ठेवून होता, करंडक पायाशी गडगडत होता. मग अंधारातच मामंजी म्हणाले,

"बोलली का नाहीस?"

ह्यांना सांगितलं होतं असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. "नखाचं आठवलं, मामा," एवढंच म्हणाले. पुढे औंधपर्यंत कुणी बोललं नाही.

जवळजवळ महिनाभर गोळ्या चालू होत्या. चेन्नईहून पदवीचा कागद आला तेव्हा आमचा चॅम्पियन गोधडीवर पडून चमच्यानं पेज पीत होता. वाचला, पण मूत्रपिंडं कमजोर झाली ती झालीच. वजन पुन्हा भरलं नाही. त्यानंतर तो एकाही रिंगणात उतरला नाही. सगळी कारकीर्द मिळून तीन वर्षांचीसुद्धा नाही. अजून पुष्कळ पुढे गेला असता असं ओळखणारे म्हणायचे. मामंजी ऐकून घ्यायचे.

एके दिवशी सकाळी मी भाकरी करत होते. मामंजी स्वयंपाकघरात आले. ते सहसा येत नाहीत. ती वही त्यांनी परातीशेजारी ठेवली, वर पेन ठेवलं, आणि गेले. मी पिठाच्या हातानं उघडली. शेवटच्या पानावर शिरवळच्या रात्रीची तारीख होती आणि पुढे काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून वही मी लिहायला लागले. वजन, औषध, कधी काय खाल्लं. एकदा लिहिलं, 'आज माळावर नेलं. दुडक्या चालीनं शंभर पावलं. खूश.' मामंजी वही अधूनमधून वाचायचे हे मला ठाऊक होतं. त्या ओळीवर ते काही बोलले नाहीत.

पुढची वर्षं बाजीची माझ्याबरोबर गेली. संध्याकाळी माझ्याकडे शिकवणीला मुलं यायची, तो फळ्याखाली पसरायचा. पाढे म्हणताना मुलं त्याच्या बरगड्या मोजायची. ३० ऑगस्ट २०२०ला पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं आणि मुधोळचं नाव घेतलं. बीडच्या पोलिसांच्या रॉकी नावाच्या कुत्र्याचीही त्यात आठवण काढली होती, तीनशेवर गुन्ह्यांच्या तपासात मदत करून तो नुकताच गेला होता. त्या आठवड्यात आमच्याकडे फोनवर फोन! पिल्लं आहेत का, चॅम्पियनचा वंश आहे का, वाटेल तो पैसा देतो. बहुतेकांना फ्लॅटमध्ये ठेवायला कुत्रं हवं होतं. मामंजी फोन कानाला लावून सगळं ऐकायचे आणि म्हणायचे, "ते सूनबाईंना विचारावं लागेल. वही त्यांच्याकडं असते." आणि फोन माझ्या हातात द्यायचे. मी पहिला प्रश्न विचारायची, पळायला जागा किती आहे? निम्म्या लोकांचा फोन तिथेच बंद व्हायचा.

त्याच्या आदल्याच वर्षी एक धनगर आपली कुत्री घेऊन दारात आला होता. ती काळसर, अंगावर काटेरी झुडपांचे ओरखडे, कागदबिगद काही नाही. पूर्वी अशांना मामंजी ओसरीवरूनच परत पाठवायचे, वंशाची नोंद बिघडते म्हणून. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "डॉक्टरांना विचारून बघू, झेपेल का ते." झेपलं. पिल्लं झाली ती मेंढरांबरोबर कुठे कोकणात उतरली, कुठे गेली, आम्हाला कळलं नाही.

बाजी २०२३च्या उन्हाळ्यात गेला, नऊ वर्षांचा होऊन. दोन दिवस पाणीही घेतलं नव्हतं. शेताच्या बांधावर, चिंचेखाली त्याला ठेवला. सासूबाईंनी घरातून नवं कांबळं काढून दिलं आणि परड्याकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिल्या. त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी त्यांनी मला अंडं उकडायला सांगितलं आणि मग आठवून गप्प झाल्या.

यंदा पौषात यमाईच्या यात्रेला मी धाकट्या मुलीला घेऊन गेले होते. पाळण्यांच्या पलीकडे, मेंढरं बसलेली होती तिथे, तोच धनगर दिसला. त्याच्या काठीजवळ एक कुत्रा उभा होता. बदामी, खोल छातीचा, मान ताठ, नजर गर्दीच्या वरून लांब कुठेतरी.

"वळखलं का, बाई?" तो म्हणाला. "तुमच्या बाजीचाच हाय. सांजच्याला सोडला की कुटं जातोय दिसत न्हाई."

मुलीचा हात सोडून मी खाली बसले. कुत्र्यानं माझा हात हुंगला. मी त्याच्या कानामागे चाचपलं, मग ओठ उचलला. हिरडी दाबून सोडली आणि मोजलं. एक, दोन.

गुलाबी.